सहा ते नऊचा खैरनार

खैरनार गेला तेव्हा व्यापारी संघाने शोकसभा ठेवली. वेळ संध्याकाळी साडेसहाची. स्टेजवर त्याचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि फोटो उठून दिसावा म्हणून दोन्ही बाजूंनी चार हॅलोजन. मागे फ्लेक्स लावला होता : 'बाजारपेठेचा दीपस्तंभ हरपला'. ऐन साडेसहाला हॅलोजन लावणाऱ्यांच्या दुकानात शिरून ज्याने स्वतःच्या हाताने बटणं बंद केली, त्याला निरोप द्यायला हे चार हॅलोजन. सभागृहात कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. अध्यक्ष बोलताना गहिवरले. याच अध्यक्षांनी त्याला काढून टाकलं होतं.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी नको म्हणालो. उभा राहिलो असतो तर खरं बोललो असतो, आणि मेलेल्या माणसाबद्दल खरं बोललेलं आपल्याकडे खपत नाही. लिहिलेलं खपत असावं, कारण ते कोणी वाचत नाही.

तोंडावर मी त्याला 'अण्णा' म्हणायचो, अहो-जाहो करायचो. मनात कायम एकेरी. इथे मनातलंच लिहितो आहे.

खैरनार मूळचा सटाण्याकडचा. वीज खात्यात मीटर तपासणारा. बुटका, पँट पोटाच्या वर ओढून घट्ट बांधलेली, खांद्याला खाकी पिशवी आणि कानावर पेन्सिल. शहरात निम्मं आयुष्य काढल्यामुळे बोलणं शुद्ध होतं, पण बेसावध असला की 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. नव्वदच्या आसपास मी हातगाडी सोडून कापड गल्लीत आठ बाय दहाचा गाळा घेतला, तेव्हा तो मीटरला सील लावायला आला. सायखेड्याहून आलेला, ब्लाउजपीस विकत विकत स्वतःच्या गाळ्यापर्यंत पोचलेला मी. पहिल्यांदाच माझ्या मालकीचं छत होतं, म्हणून त्याला चार दिवे वरच्या बाजूला तोंड करून लावले होते. छत झगमगत होतं. खैरनारने सील लावलं, वर बघितलं आणि विचारलं,

"शेठ, छताला साडी नेसवायची आहे का?"

मी चहा मागवला. त्याने चहा घेतला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "उजेड कापडावर पाडा. छत कोणी विकत घेत नाही."

मला कोणी न विचारता दिलेला सल्ला आवडत नाही. त्यातून तो बरोबर असला तर अजिबात आवडत नाही. दिवे मी तसेच ठेवले, सहा महिने. मग खाली फिरवले. त्याला दिसू नये म्हणून नव्हे, बिल बघून. पण पुढच्या तपासणीला त्याने ते बघितलं आणि मान डोलावली. ती मान मला अजून आठवते. शाळेत मास्तर पाढा बरोबर आला की डोलवतात तशी.

या माणसाला जगात फक्त दिवे दिसायचे. अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नात सगळा बाजार जेवायला होता. मंडपावर माळा, झाडांवर माळा, घोड्यापुढे डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका आणि मागे ढकलगाडीवर जनरेटर. आम्ही नवरा बघत होतो, खैरनार बोटांवर काही मोजत होता. पंगतीत तो अध्यक्षांच्या शेजारी बसला आणि जिलबी वाढली जात असताना म्हणाला, "पेठ तालुक्यात सात वर्षं होतो मी. एवढ्या उजेडात तिकडचे चार पाडे संध्याकाळचं जेवण बघून जेवले असते."

अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, मग काय पोरीला अंधारात सासरी पाठवू?"

"तसं नाही. पण झाडांचं कोणाशी लग्न लागतंय?"

अध्यक्षांनी ते हसण्यावारी नेलं. लग्नात कोणी कोणाला पंगतीतून उठवत नाही.

स्वतःच्या घरात मात्र तो बोलल्याप्रमाणे वागायचा, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावं लागेल. पंचवटीत एका अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दोन्हींत मिळून लांब वायरचा एक दिवा. स्वयंपाक चालू असेल तर तो चुलीपाशी, पाहुणा आला तर बाहेर. एकदा मी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, काकूंनी, भाजी अर्धी चिरलेली टाकून दिवा बाहेर आणून टांगला आणि म्हणाल्या, "बसा. आमच्याकडं उजेडाला पाय आहेत." चेहऱ्यावर हसू नव्हतं. चाळीस वर्षं त्या बाईने तो दिवा इकडून तिकडे नेला. शोकसभेत कोणी त्यांचं नाव घेतलं नाही.

दोन हजारनंतर लोडशेडिंग वाढलं. दिवसाचं जाणं सहन व्हायचं, पण आमच्या भागाची वीज संध्याकाळी सहा ते नऊ जायला लागली. बाकी धंद्यांचं माहीत नाही, साडीचा धंदा सहा ते नऊच असतो. बायका घरचं आवरून, नवऱ्याला घेऊन त्याच वेळी बाहेर पडतात. लग्नसराईत हे तीन तास गेले की वर्ष गेलं. माझ्याकडे बारा माणसं कामाला होती, आणि मी त्यांना मेणबत्तीच्या उजेडात घड्या घालताना बघत होतो.

व्यापारी संघाचे लोक वीज ऑफिसात जाऊन भांडले. तिथल्या इंजिनिअरने सरळ सांगितलं की संध्याकाळी सगळं शहर एकदम दिवे लावतं, तेव्हाच वीज कमी पडते. तुमच्या बाजाराची लाइन वेगळी आहे. सहा ते नऊ तुम्ही आपण होऊन वापर ठरलेल्या खुणेखाली ठेवा, आम्ही लाइन तोडणार नाही. खुणेच्या वर गेलात की तोडणार.

आता चाळीस दुकानदारांना आपण होऊन दिवे कमी करायला लावणार कोण? खैरनार नुकताच निवृत्त झाला होता. अध्यक्षांनी त्याला संघाचा माणूस म्हणून नेमलं. त्याच्या आयुष्यात याहून मोठा आनंद झाला नसेल. आधी तो फक्त बोलू शकत होता. आता तो बटण बंद करू शकत होता.

पहिल्या दिवशी तो माझ्याकडे वही घेऊन आला. गाळे जोडून माझं दुकान तोवर मोठं झालं होतं. चोवीस ट्यूब, शोकेसचे सहा हॅलोजन आणि बाहेर दुकानाएवढा रुंद बोर्ड.

"हॅलोजन आणि बोर्ड बंद," तो म्हणाला. "ट्यूब बारा."

मी भाव करून मोठा झालेला माणूस. सुरतेच्या व्यापाऱ्याला मी रडवलेलं आहे. म्हटलं, "अण्णा, बारात काय होतंय? वीस ठेवा. लग्नसराई तोंडावर आहे."

"अकरा."

"अहो, मी वीस म्हणतोय."

"ऐकलं. अकरा."

"असा कुठं भाव असतो का? तुम्ही बारा म्हणालात, मी वीस म्हणालो, आता तुम्ही सोळावर यायचं."

"दहा."

माझे सेल्समन एकेक करत कापडाच्या ठाणांआड तोंड लपवायला लागले. मी आवाज चढवला. "दुकान कोणाचं आहे हे?"

"तुमचं. नऊ. अजून काही बोलायचंय, शेठ?"

मी बोललो नाही. बोललो असतो तर आठ झाल्या असत्या. आयुष्यात एकाच सौद्यात मी पहिल्या भावापेक्षा वाईट भावाला माल उचलला, तो हा. वर त्याने शिडी मागवली, त्या नऊ ट्यूब खाली उतरवून थेट गादीवर लोंबवल्या, मागे पांढरे पत्रे लावले, आणि माझ्याच माणसांना समजावून सांगितलं की आता कापडावर आधीपेक्षा जास्त उजेड आहे. होता. मी खोटं बोलणार नाही. पण दुकान रस्त्यावरून बंद असल्यासारखं दिसायचं, आणि गिऱ्हाईक रस्त्यावरून आत येतं, गादीवरून नाही. हे त्याला सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं : "बोर्डाला भुलून किडे येतात. गिऱ्हाईक येतं ते घरून ठरवून येतं." ज्याने जन्मात हातरुमाल विकला नाही तो मला गिऱ्हाईक शिकवत होता.

रोज सहाच्या ठोक्याला तो गल्लीच्या तोंडाशी उगवायचा. हातात एक चिमट्यासारखा मीटर होता. वायरीभोवती तो चिमटा धरला की आत किती वीज वाहते ते दिसायचं. दुकानामागून दुकान चिमटा लावायचा, आकडा वहीत टिपायचा, एखादा दिवा जास्त दिसला की विचारत बसायचा नाही, बंद करून पुढे. गिऱ्हाईक समोर असलं तरी. एका सराफाच्या काउंटरवरचा दिवा त्याने नथ नाकाला लावून बघणाऱ्या बाईच्या तोंडावर बंद केला. सातपर्यंत फेरी संपायची. गुडघे दुखायचे म्हणून दुसरी फेरी नाही. घरी.

एवढं केल्यावर लाइन टिकली, हेही सांगितलं पाहिजे. आजूबाजूला सगळा अंधार, आणि आमची गल्ली मंद का होईना, चालू. बायका यायला लागल्या. पण मला नऊ ट्यूब रोज टोचायच्या.

मग मी इन्व्हर्टर घेतला, मोठ्या बॅटऱ्यांचा. सहाला पंधरा ट्यूब बॅटरीवर टाकल्या, नऊ लाइनवर. चोवीसच्या चोवीस चालू. खैरनार दारात येऊन उभा राहिला आणि त्याचा हात सरळ बटणांकडे गेला.

"थांबा अण्णा," मी म्हणालो. "वायर मोजा आधी."

त्याने चिमटा लावला. आकडा नऊ ट्यूबचाच. पुन्हा लावला. तोच.

"बाकीच्या बॅटरीवर आहेत," मी सांगितलं. "तुमच्या लाइनला हात लावलेला नाही. बॅटरीवर तर तुमचा हक्क नाही ना?"

त्याने वरच्या ट्यूब बोटांवर मोजल्या. मग वहीत आकडा लिहिला आणि पुढे गेला. त्या दिवशी मी सगळ्या दुकानाला पेढे वाटले.

बॅटरी दीड तास चालायची. साडेसातला ती संपली की पंधराच्या पंधरा ट्यूब परत लाइनवर, आणि शिवाय बॅटरी भरायला लागायची तीही लाइनवरूनच. खैरनार तेव्हा पंचवटीत जेवायला बसलेला असायचा. महिनाभरात निम्म्या गल्लीने इन्व्हर्टर घेतले. मीच सांगितलं होतं सगळ्यांना. एवढी सोपी युक्ती पोटात ठेवायला मी काही साधू नाही.

वीज ऑफिसातून खैरनारला निरोप यायला लागले की तुमचा वापर साडेसातनंतर चढतो आहे. त्याने काय करावं? साडेसातला गल्लीत येऊन बघावं? नाही. तो घरी बसून वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बेरजेला लावत बसला. बेरीज बरोबर येत होती. वहीत सगळा बाजार खुणेखाली होता. चार दिवस त्याने आपल्या वहीवर विश्वास ठेवला आणि पाचव्या दिवशी, शनिवारी, दुसऱ्या दिवशी दाट मुहूर्त असताना, गल्लीत पाय ठेवायला जागा नसताना, पावणेआठला लाइन तुटली.

माझ्या गादीवर तेव्हा तीन कुटुंबं बसली होती. एक नवरी मुलगी शालू अंगावर घेऊन आरशापुढे उभी होती. निम्म्या गल्लीच्या बॅटऱ्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या. असा अंधार मी त्या गल्लीत पाहिला नव्हता. ढकलाढकली झाली, कोणाची पर्स गेली, कोणाचं पोर हरवलं आणि सापडलं. आणि ऑफिसने कळवलं की सवलत रद्द, सोमवारपासून सहा ते नऊ बंद.

रविवारी सकाळी सभा झाली. अध्यक्षांनी खैरनारला उभं केलं. तोवर त्याला बॅटऱ्यांचं सगळं समजलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, हे कोणी सुरू केलं ते सांगा. संघ कारवाई करेल."

चाळीस डोकी माझ्याकडे वळली. मी तयार होतो. भांडायला मला आवडतं. लाइन टिकवायचं काम त्याचं, त्याने दुसरी फेरी का मारली नाही, माझ्यावर कोणता कायदा लागू, सगळं मी पाठ करून गेलो होतो.

खैरनार म्हणाला, "कोणी सुरू केलं याला अर्थ नाही. मोजणी माझी चुकली. तारेतून वीज नेताना थोडी वाटेत गळते. ती गळती धरून हिशेब मांडायचा असतो. व्यापारी उजेड चोरणार, हेही धरूनच चालायला पाहिजे होतं. मी नाही धरलं. नवशिक्यासारखी चूक झाली."

मग सगळे एकदम उठले. मी सगळ्यांत आधी. "अण्णा, चोर म्हणायचं असेल तर माझं नाव घेऊन म्हणा."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नाव कशाला? तुम्ही काय वेगळे आहात का?"

लोक म्हणतात, खैरनारने मला वाचवलं. शोकसभेतसुद्धा एक जण असंच काही म्हणाला. वाचवलं वगैरे काही नाही. शिव्या मी पचवल्या असत्या. या माणसाने मला शिवी द्यायच्याही लायकीचं ठेवलं नाही. तारेतून गळणाऱ्या विजेच्या रांगेत बसवलं आणि पुढे गेला. त्याच सभेत अध्यक्षांनी त्याला काढलं. हात वर करणाऱ्यांत माझा हात होता.

पुढची लग्नसराई आम्ही जनरेटरवर काढली. फुटपाथवर चाळीस जनरेटर, डिझेलचा धूर, साड्यांना धुराचा वास, आणि आवाज एवढा की भाव खुणांनी करावा लागायचा. पलीकडे नव्या रोडच्या भागात संध्याकाळची वीज जात नव्हती. बायका तिकडे वळल्या. बारातली चार माणसं मला कमी करावी लागली. त्यांतला एक हातगाडीपासून माझ्याबरोबर होता.

म्हणून मी पंचवटीत गेलो. मला कोणी पाठवलं नव्हतं. दुपारची वेळ होती. खैरनार खिडकीत बसून मेथी निवडत होता. मी म्हणालो, "अण्णा, परत या. ऑफिसशी बोलून लाइन सोडवा. अध्यक्षांना मी बघतो."

"गुडघे गेले," तो म्हणाला. मग विचारलं, "बॅटरी भरताना वायर किती गरम व्हायची?"

"काय?"

"हात लावून बघितलं असेल ना कधी?"

"गरम व्हायची. चांगलीच."

त्याने मान डोलावली. तीच ती मास्तरची मान. "हे मला कळलं नाही. तुम्हाला कळत होतं. तुम्हीच करा."

"मी काय करू?"

"फेरी. कोण कुठं चोरेल हे तुमच्याइतकं कोणाला सुचणार आहे? मी ऑफिसला चिठ्ठी देतो." आणि पिशवीतला चिमटा काढून त्याने मेथीच्या जुडीशेजारी ठेवला. त्यात सन्मान नव्हता, टोमणाही नव्हता. गुडघे असलेला एक माणूस त्याला हवा होता आणि तो समोर बसलेला होता. मी चिमटा घेतला. दुसरं काय करणार? चार माणसं परत कामावर आणायची होती.

लाइन मिळाली. मी दोन फेऱ्या मारायचो, कधी साडेसहाला, कधी आठला, वेळ न सांगता. इन्व्हर्टर नऊपर्यंत बंद. बॅटरीच्या खोलीत शिरून वायरीला हात लावून बघायचो. गल्लीत मला ज्या शिव्या बसल्या त्या खैरनारला कधी बसल्या नसतील, कारण त्याने कोणाला चोरी शिकवली नव्हती आणि मी शिकवलेली सगळ्यांना पाठ होती. चार माणसं परत आली.

त्यानंतर त्याला एकदाच पाहिलं. संध्याकाळी सातला तो आणि काकू माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढले. नातीचं लग्न ठरलं होतं, शालू हवा होता. मी स्वतः गादीवर बसलो. दहा शालू उलगडले. काकूंनी एक मोरपंखी उचलला, खांद्यावर टाकला आणि आरशापुढे गेल्या. नऊ ट्यूब गादीवर होत्या. आरसा भिंतीला, अंधारात.

"अहो, इथं काहीच दिसत नाही," काकू म्हणाल्या. "शेठ, आरशावरचे दिवे लावा ना जरा."

मी खैरनारकडे बघितलं. तो एका शालूचा पदर तपासत होता. मान वर केली नाही.

"काकू, नऊनंतर लावतो. तोवर बसा, चहा घ्या."

"नऊला आम्ही झोपतो," काकू म्हणाल्या. त्यांनी शालू घडी घालून माझ्यापुढे ठेवला, नीट, काठाला काठ लावून. "चाळीस वर्षं अंधारात काढली. नातीचा शालू तरी बघून घेऊ द्या."

दोन ट्यूब. बटण माझ्या हाताशी होतं. खैरनार उठला, भिंतीला धरून गुडघे सरळ केले, चपला घातल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, एवढ्या वर्षांत एकदा.

"बरं, येतो शेठ," तो म्हणाला. "नव्या रोडला जातो. तिकडं उजेड चांगला शे."

पायरी उतरताना काकूंनी त्याचा हात धरला. त्याने हात वर करून रिक्षा थांबवली, आणि माझं लग्नसराईचं गिऱ्हाईक घेऊन निघून गेला.